बॉनेटवरची अक्षरं

प्रिय ईरा आणि निषाद,

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर निषादने फोन उलटा धरून मला तुमच्या बाबांची नवी पिकअप दाखवली. बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि चाकांमागच्या पत्र्यावर तांदळाच्या दाण्याएवढे टवके उडाले होते. निषाद म्हणाला, "आजी, गाडी अजून नवी आहे. कंपनीने फसवलं ना?" त्यावर ईरा मागून म्हणाली, "आजीला काय विचारतोस? आजी तर शाळेत शिकवायची."

शाळेत तुमची नाशिकची आजी शिकवायची, ईरा. मी सगळा जन्म रंगात काढला. त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या. म्हटलं, अंकालाही देऊ आणि तुम्हालाही पाठवू. बडोद्याच्या वाचकांनी नातवंडांना सांगितलेलं ऐकून घ्यावं, आणि तुम्ही दोघांनी जिथे मराठी अडेल तिथे आईला विचारावं.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले आणि थोड्याच काळात तक्रारींच्या विभागात गेले. तिथून निवृत्त होईपर्यंत हललेच नाही. रंग चांगला असला तर कोणी रंगवाल्याला बोलावत नाही, त्यामुळे मी कधी कोणाची खुशीत असलेली गाडी पाहिली नाही. फुगलेली, डागाळलेली, सोललेली अशीच गाडी माझ्यासमोर यायची. निवृत्तीनंतर गाड्यांचे डीलर बोलावू लागले. हे काम डॉक्टरसारखंच. फरक एवढाच की रोगी गप्प असतो आणि नातेवाईक ओरडत असतात.

आता तुमच्या गाडीचं. मोटारीचा पत्रा नुसता रंगवत नाहीत. आधी सगळा सांगाडा एका मोठ्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या जोरावर त्यावर गंज अडवणारा थर चढवतात. त्यावर मधला थर, मग रंगाचा, मग वर चकाकीचा. प्रत्येक थर भट्टीत भाजून निघतो. एवढं सगळं करून एकूण जाडी किती होते? साध्या कागदाएवढी. त्या कागदाने ऊन, पाऊस, चिखल, पक्ष्यांची विष्ठा आणि तुमच्याकडे हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यावर टाकतात ती खडी, हे सगळं वर्षानुवर्षं सोसायचं असतं. इतकी वर्षं पाहूनही मला ते नवलच वाटतं.

रंग दोन तऱ्हांनी जातो. दगड लागला की लहानसा खड्डा पडतो, पण खड्ड्याच्या कडेचा रंग घट्ट असतो. नखाने उचलून पाहा, उचलला जात नाही. तुमच्या गाडीचे टवके मी नीट पाहिले, ते असेच आहेत. कंपनीने फसवलेलं नाही. बाबांना म्हणावं, चाकांमागे मोठे मडफ्लॅप लावा आणि टवक्यांत गंज धरण्याआधी रंग भरा. दुसरी तऱ्हा वाईट. तिथे थराने खालच्या थरावरची पकड सोडलेली असते, आणि रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघत जातो. तसं झालं की समजायचं, रंग देताना कोणाचं तरी काहीतरी चुकलंय.

माझं काम म्हणजे हे चुकलेलं शोधणं. माणसं मात्र दरवेळी निराळी. एका गृहस्थाने नव्या गाडीच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक पुसणं अशुभ म्हणून ऐन उन्हाळ्यात महिनाभर तसंच ठेवलं. पाऊस आल्यावर कुंकू गेलं आणि चकाकीच्या थरावर स्वस्तिकाचा फिका ठसा कायमचा राहिला. डीलर घाबरून मला घेऊन गेला. मी म्हटलं, पॉलिश केलं तर जाईल. गृहस्थ चिडले. "खबरदार! देवाने स्वतः सही केली आहे, आणि तुम्ही ती घासून काढणार?" आम्ही दोघांनी निमूट चहा घेतला आणि परत आलो. तक्रारच नाही अशी माझ्या आयुष्यातली ती एकमेव फेरी.

पण तुम्हाला सांगायची आहे ती दिनुभाईंची गोष्ट. तीही काही फार जुनी नाही.

उत्तरायण होऊन गेलं होतं, फाटके पतंग अजून तारांवर लटकत होते. सकाळी किरीटभाईंचा फोन आला. हरणीच्या पुढे हायवेवर त्यांचं पिकअप गाड्यांचं शोरूम आहे. "मीनाक्षीबेन, जल्दी आवो. अर्धं गाव माझ्या गेटवर उभं आहे." (हे सगळे माझ्याशी गुजरातीत बोलतात. मी मराठीत लिहिते आहे, एखादा शब्द तसाच राहिला तर चालवून घ्या.)

गोत्रीच्या माझ्या घरून रिक्षाने पोचले तर गेटबाहेर पांढऱ्या पिकअपची रांग, आणि मालक आपापल्या बॉनेटला टेकून उभे. सगळ्या गाड्या दसऱ्याला घेतलेल्या. प्रत्येक बॉनेटवर लाल रेडियमच्या ठसठशीत अक्षरांत देवीचं नाव, आणि प्रत्येक अक्षराभोवती रंग सोललेला. कुठे चिंचोक्याएवढा, कुठे तळहाताएवढा.

सर्वांत पुढे कोकिलाबेन होत्या. गोत्रीतच त्यांचा केटरिंगचा धंदा, लग्नाच्या स्वयंपाकाची भांडी त्या या गाडीतून नेत. मला पाहताच त्यांनी माझा हात धरून बॉनेटपाशी नेलं. "बघा बेन, माझ्या अंबामाताची काय दशा झाली! मांडवात गाडी लावली तर नवऱ्या मुलाचा मामा विचारतो, कोकिलाबेन, भंगारातून उचलली का?"

"आणि याचं कारण तिथे बसलंय," किरीटभाई गेटकडे बोट दाखवत म्हणाले.

तिथे दिनुभाई बसले होते. किडकिडीत अंग, मेंदी लावलेले केस, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा. गेटच्या भिंतीला लागून त्यांचं स्टूल, एक मोठी छत्री आणि रेडियमची भेंडोळी. गाडी शोरूममधून हार घालून निघाली की गेटवरच दिनुभाईंपाशी थांबे. देवीचं नाव नसलेली गाडी रस्त्यावर नेणार कोण? आणि दिनुभाईंची लिहिण्याची रीत त्यांची स्वतःची होती. ते रेडियमचा अख्खा पट्टा बॉनेटवर चिकटवत, आणि मग कटरने गाडीवरच, आधी काही न आखता, सरळ हाताने अक्षरं कापत. नको तो भाग ओढून काढला की खाली अक्षर उरे. बॉनेटचा उतार, मधला उंचवटा, सगळ्यावर ते अक्षर अंगचं असल्यासारखं बसे. वेलांटीला असा झोक की मला माझ्या वडिलांची बोरूची अक्षरं आठवली.

पण कटर रेडियममध्येच थांबत नव्हता. भिंगाने पाहिलं तर प्रत्येक अक्षराच्या कडेने रंगात बारीक चीर होती. मी तसं बोलून दाखवलं.

"घ्या!" किरीटभाई म्हणाले. "बेनचं लेखी घ्या आणि विषय संपवा. कंपनीची गॅरंटी कापलेल्या रंगाला नसते."

तोवर त्यांनी निर्णय घेऊनही टाकला होता. दिनुभाईंची छत्री मिटून भिंतीला लावलेली होती. संध्याकाळच्या आत जागा सोडायची होती, आणि हायवेवरच्या बाकीच्या शोरूमवाल्यांनाही फोन गेले होते की या माणसाला गेटवर बसू देऊ नका, गाड्या खराब करतो. दिनुभाईंना दुसरं काही येत नव्हतं आणि गाड्यांच्या शोरूमसमोर बसल्याशिवाय हे काम मिळत नाही. एवढं होऊनही त्यांचा आवाज खाली आला नव्हता.

"कटर रंगात उतरतो, कबूल! आजचा उतरत नाही, माझे केस काळे होते तेव्हापासून उतरतोय. तेव्हा रंग का नाही उडाला?"

"केस कधी काळे होते, दिनुभाई?" कोकिलाबेन म्हणाल्या, आणि इतक्या रागातही लोक हसले.

प्रश्न मात्र योग्य होता. माझ्या पिशवीत रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. आधी दारावर टेकवलं, नेहमीसारखी जाडी. बॉनेटवर टेकवलं तर जवळजवळ दुप्पट. शेजारच्या गाडीवर तेच, त्याच्या शेजारी तेच.

"किरीटभाई, या बॉनेटना पुन्हा रंग दिलाय का?"

"कंपनीतून आल्या तशा दिल्या," ते चटकन म्हणाले आणि चहा सांगायला वळले. मग थांबून, "आणि जाड असला तर चांगलंच ना, बेन? गोधडी जितकी जाड तितकी ऊब."

लोकांना हे फार पटतं. पण रंगाचं गोधडीसारखं नसतं. गुळगुळीत, भाजलेल्या रंगावर नवा रंग द्यायचा तर आधी पॉलिश पेपरने घासून तो खरखरीत करावा लागतो, म्हणजे नव्याला पाय रोवायला जागा मिळते. घासलं नाही तर नवा थर काचेवर ठेवलेल्या कागदासारखा नुसता वर राहतो. चकाकतो छान. पकड मात्र नसते.

हे बोलून भागणार नव्हतं, दाखवायला हवं होतं. पकड तपासायची एक जगभर चालणारी पद्धत आहे. रंगावर पातीने बारीक उभ्या-आडव्या रेघा कापून जाळी करायची, वर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्याने ओढायची. पकड चांगली असेल तर रेघा तेवढ्या दिसतात, चौकोन जागेवर राहतात. वाईट असेल तर चौकोन पट्टीबरोबर निघून येतात. मी पिशवीतून पातं काढलं.

"वा रे न्याय!" दिनुभाई स्टुलावरून उठलेच. "माझा कटर वाईट आणि बेनचा चांगला!"

सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता माझा हात थांबला. खरंच, आम्ही दोघं एकच काम करत होतो. ते चीर पाडत, चिकटणारा पट्टा लावत आणि उरलेला भाग ओढून काढत. मी प्रयोगशाळेत हेच करून पगार घेतला. गेटमधून निघालेल्या प्रत्येक गाडीवर या माणसाने नकळत माझी चाचणी करून ठेवली होती. तेव्हा मला जुन्या गाड्या पाहायला हव्या होत्या. पकड चांगली असलेल्या रंगावर त्यांच्या कटरने काय होतं, ते तिथे लिहिलेलं असणार.

"दिनुभाई, तुमच्या हातची जुनी अक्षरं असलेल्या गाड्या आज मिळतील?"

"मिळतील? बोलावतो की!" त्यांनी फोन काढला. "अरे, बर्फाची गाडी घेऊन हरणीला ये, बेन आल्यात प्रयोगशाळेतल्या, माझी अक्षरं बघायला." पलीकडच्याला ते कारण पुरेसं वाटलं असावं.

दुपारपर्यंत तीन गाड्या आल्या. एक बर्फाची, एक भाजीची, आणि एक इतकी पोचे आलेली की ती कशाची ते विचारायचं धाडस झालं नाही. तिन्हींच्या बॉनेटवर तीच ऐटबाज वेलांटी. रेडियमचा रंग विटला होता, चिरांमध्ये कुठे कुठे गंजाची पिवळी रेघ होती. पण रंग कुठेही सोललेला नव्हता.

आता मी पातं हातात घेतलं. एक जाळी बर्फाच्या गाडीवर, बॉनेटच्या आतल्या कडेला, मालकाला विचारून. दुसरी कोकिलाबेनच्या गाडीवर. चिकटपट्टी दोन्हीकडे बसवली आणि कोकिलाबेनना म्हटलं, "ओढा तुम्हीच. मी ओढली तर किरीटभाई म्हणतील बेनने जोर लावला."

कोकिलाबेननी पदर खोचला. बर्फाच्या गाडीवरची पट्टी फर्रकन निघाली, तिला काहीही लागलं नव्हतं. मग त्या स्वतःच्या गाडीपाशी आल्या. तोंडाने काहीतरी पुटपुटल्या आणि पट्टी ओढली. जाळी तर आलीच, पण बाजूचा बशीएवढा रंगही दुधावरच्या सायीसारखा पट्टीला लोंबत आला. खाली दुसरा पांढरा रंग होता, कंपनीचा, गुळगुळीत, लखलखीत, पॉलिश पेपरचा ओरखडाही न लागलेला. त्यावर तपकिरी बारीक ठिपके होते.

कोकिलाबेननी ती पट्टी नेऊन किरीटभाईंच्या समोर धरली. "शेठ, माझ्या गाडीला साय कोणी आणली?"

मोठ्या कंपन्यांची माणसं अशा वेळी काय करतात ते मी पुष्कळ पाहिलं आहे. सांगतात, अहवाल पाठवा, वर विचारू. अहवाल जातो आणि कोणी वाचत नाही. मी लिहिलेल्या कितीतरी पानांचं असंच झालं, त्याची हळहळ आजही आहे. किरीटभाईंनाही ती वाट मोकळी होती. मला त्यांनीच बोलावलं होतं. माझा कागद घडी करून खिशात घातला असता तर मी काय करणार होते?

त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागले. गाड्या आल्या तेव्हा त्यांच्या यार्डाशेजारी लोखंडी शेड उभारत होते. ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडून लोखंडाचे कण पांढऱ्या बॉनेटवर बसले आणि पहिल्या दवात गंजून ठिपके झाले. दसरा तोंडावर. पेंटर म्हणाला, नीट घासून, रंग देऊन, वाळवून द्यायला आठवडा तरी हवा. पण सगळ्यांना दसऱ्याच्याच मुहूर्तावर गाडी पाहिजे होती.

"मी त्याला म्हटलं, वरून एक हात मार. ठिपके झाकले की झालं," किरीटभाई म्हणाले. "मुहूर्ताला डाग असलेली गाडी कोणाच्या हातात देऊ? आणि सकाळी हार घातले, आणि गाड्या थेट दिनुकडे. रंग अजून आतून ओला असेल. वांक माझा आहे, चूक माझी. दिनुचा नाही."

तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं. पण आपल्याच गेटवर, आपल्या गिऱ्हाइकांसमोर, आपल्याच पैशाने बोलावलेल्या बाईच्या देखत एवढं स्पष्ट बोलणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता, आणि नंतरही नाही. त्यांनी तिथेच सांगितलं की सगळ्या बॉनेटचा रंग मुळापासून घासून पुन्हा द्यायचा, भट्टीत भाजून, आणि प्रत्येक गाडी मी तपासल्याशिवाय बाहेर जायची नाही. हायवेवरच्या शोरूमना त्यांनी पुन्हा फोन केले. मी शेजारी उभी होते. प्रत्येकाला तेच वाक्य, "दिनुचं नाव मी चुकीचं घेतलं होतं."

दिनुभाई या सगळ्यात जिंकल्याच्या थाटात फिरतील असं मला वाटलं होतं. पण ते कोकिलाबेनच्या बॉनेटपाशी वाकून भिंगातून बघत होते. भिंग माझंच, विचारल्याशिवाय उचललेलं.

"बेन, जुन्या गाड्यांच्या चिरांत ती पिवळी रेघ आहे ना, ती माझी?"

"तुमची," मी म्हटलं. "रंग सुटत नाही, पण चिरेतून पाणी जातं. आज ना उद्या गंज वाढणार."

"म्हणजे अक्षराखाली गंज मी लावतोय."

"हळूहळू लागतो."

"हळूहळू का होईना." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "आधी वेगळ्या काचेवर कापून मग गाडीवर चिकटवलं तर?"

ते सोपं नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. काच सपाट, बॉनेटला उतार. काचेवर सुंदर दिसणारं अक्षर बॉनेटवर बसलं की लांबट दिसतं, वेलांटीचा झोक जातो. बाकीचे लोक मशीनवर कापतात आणि कसंही चिकटवतात. दिनुभाईंना तसलं चालणार नव्हतं.

बॉनेट रंगून आली त्या दिवशी मी तपासायला गेले. प्रत्येकावर पट्टी ओढली, एकही कण आला नाही. सर्वांत आधी कोकिलाबेनची गाडी होती. त्या तिच्यापुढे हात पसरून उभ्या. "आता माझ्या माताजीवर सुरी चालवायची नाही. आधी सांगून ठेवते."

दिनुभाईंनी काखेतली काच दाखवली. त्यांनी घरी जुन्या रेडियमवर आठवडाभर सराव केला होता. त्यांच्या बोटांवर पट्ट्या होत्या. बॉनेटच्या उताराला लांबट होईल तेवढं अक्षर आधीच बुटकं कापायचं, असा हिशोब त्यांनी डोळ्यांतच बसवला होता. किरीटभाई खुशीत म्हणाले, "चल दिनु, छत्री उघड. तुझं स्टूल गेटवर ठेवलंय, कोणी हलवणार नाही."

"गेटवर नाही जमणार, शेठ," दिनुभाई म्हणाले.

"का? मी सगळ्यांसमोर माफी मागितली ना?"

"मागितली, मोठं मन आहे तुमचं. पण काचेला टेबल लागतं. टेबलाला सावली लागते. उन्हात रेडियम ताणतं, अक्षर बिघडतं. आत जागा द्या. तिथे, डिलिव्हरी देता त्याच्या बाजूला. पंख्याखाली."

"पंख्याखाली माझं टेबल आहे!"

"तेच म्हणतो. बरोबर मापाचं आहे."

किरीटभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी यंत्र पिशवीत ठेवण्यात गुंतले. कोकिलाबेननी मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी टेबलावरचा फोन, पाण्याचा जग आणि पेढ्यांचा डबा उचलून खिडकीत ठेवला, टेबल पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "ठेवा काच. आणि 'अंबे'ची मात्रा जरा उंच काढा, मागच्या वेळी आखडती घेतली होती."